डाव्या डोळ्याची तारीख

सगळ्यांना माहीत असलेलं

या घराचं पोट दुसऱ्यांच्या दातांवर चालायचं. बाप कवळ्या करायचा, लेक सुटे दात आणि कॅप. घराच्या पुढच्या खोलीतच दोघांची लॅब: एका भिंतीला त्याचं टेबल, समोर तिचं, मधे एक छोटी भट्टी. दाताचे डॉक्टर साचे पाठवायचे, इथून दात जायचे. गल्लीत बापाला ‘कवळीवाले’ म्हणत. लेकीला घरात खारू म्हणत, कारण लहानपणी तिचे पुढचे दोन दात आधी आले आणि बाकीचे वाट पाहायला लावून आले.

समोरचे, हसताना दिसणारे दात खारूनंच करायचे, असा डॉक्टरांचा आग्रह असायचा. दातात पिवळेपणा किती, राखाडी किती, टोकाशी पाण्यासारखी झाक किती, हे तिला नुसतं बघून कळे. बापाला त्यातलं काही दिसत नसे. त्याचं नाव होतं ते हातासाठी. मेणाचा कण चिमट्यात धरून तो जिथे म्हणाल तिथे ठेवायचा, आणि ठेवताना श्वाससुद्धा रोखायचा नाही.

मग खारूला एका दिव्याचे तीन दिवे दिसायला लागले.

“बुबुळावरची पारदर्शक काच पातळ होत चालली आहे,” डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. “पातळ होऊन शंकूसारखी पुढे येतेय. केरॅटोकोनस म्हणतात. दोन्ही डोळ्यांत आहे, उजव्यात जास्त. बिघडलेला आकार काही परत येत नाही, पण आहे तिथे थांबवता येतो.”

थांबवायचा कसा, तर वरचं नाजूक आवरण खरवडून काढायचं, पिवळ्या औषधाचे थेंब मुरवायचे आणि वरून निळसर किरण सोडायचे. काच घट्ट होते. आवरण पुन्हा येईपर्यंत उघड्या जखमेवर मऊ लेन्स, पट्टी बांधल्यासारखी.

“म्हणजे आपल्यासारखंच की,” बाप बायकोला म्हणाला. “थर लावायचा आणि भाजायचा.”

“तुम्ही गप्प बसा हो. पोरीचा डोळा आहे, कुणाची दाढ नाही.”

डॉक्टरीणबाई हसल्या, मग गंभीर झाल्या. “लेन्स निघाली तर परत घालायची नाही. लगेच फोन करायचा. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. आणि हिची डोळे चोळायची खोड बंद.”

तिघांनी माना डोलावल्या. बापानंही डोलावली. ऐकलं त्यानं नीटच, पण रोग्याच्या घरच्यांना बजावतात तसलं काहीतरी म्हणून. आपल्या हातालाही ते लागू आहे, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

आधी उजवा, मग डावा, असं ठरलं.

कोणालाच माहीत नसलेलं

उजव्या डोळ्याच्या उपचारानंतरची दुसरी दुपार. आई कामावर. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात माल तपासायची. उसवलेली शिवण तिला दारातूनच दिसे. खारू आतल्या खोलीत पडदे ओढून, डोळ्यावर प्लॅस्टिकचं झाकण लावून पडलेली. बाप पुढे एका म्हातारबुवांच्या कवळीचे दात मेणात बसवत होता.

“बाबा!”

अशी हाक तिनं लहानपणी दारात बोट चेमटलं तेव्हा मारली होती. तो हातातल्या चिमट्यासकट धावला.

झाकण कानाकडे सरकलं होतं. झोपेत चोळलं असणार. डोळ्यातून धारा लागलेल्या. आणि गालावर, नाकाच्या कडेला, लेन्स. सुरकुतलेली, एक पापणीचा केस चिकटलेली.

“काहीतरी टोचतंय हो. सुरी फिरवल्यासारखं. काय झालंय?”

“काही नाही. लेन्स जरा सरकलीये. नीट करतो. डोळा मिटून ठेव.”

सरकलीये, असं का म्हणाला? ती घाबरू नये म्हणून. एवढंच. तेव्हा तरी एवढंच.

लॅबमध्ये एक रीत होती. तयार दात हातातून निसटून जमिनीवर पडला तर आरडाओरडा करायचा नाही. उचलायचा, नळाखाली धुवायचा, भिंगातून बघायचा आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुढच्या कामाला लागायचं. तोंडात बसवायच्या आधी दाताचा डॉक्टर तो पुन्हा साफ करतोच. ही रीत त्यानंच पाडलेली. त्या दुपारी त्यानं हाताला काही सांगितलं नाही, हातानंही काही विचारलं नाही. चिमट्यात लेन्स उचलली गेली, स्वयंपाकघरातला नळ सुटला, पापणीचा केस वाहून गेला. भिंग हाताशी नव्हतं म्हणून त्यानं ती खिडकीच्या उजेडाकडे धरली. स्वच्छ. असून नसल्यासारखी.

“आता उघड. वर बघ. वर, पंख्याकडे.”

एका खेपेत बसली. घडी नाही, बुडबुडा नाही. खारूचे आवळलेले खांदे सैल पडले.

“आई गं... गेलं. थांबलं दुखायचं.” तिनं चाचपडत त्याचं मनगट धरलं. “बाबा, तुमच्या हाताला गुण आहे.”

खोटं कशाला बोला, त्याला अभिमान वाटला. पुढच्या खोलीत येऊन त्यानं म्हातारबुवांची कवळी हातावेगळी केली आणि ती फार सुरेख झाली.

त्यानं नंतर मनात दुरुस्त करून पाहिलेलं

फोन केला असता, नाही उचलला तर पुन्हा केला असता, तरी नाही तर तिला खांद्याला धरून जिना उतरवला असता, मिळेल त्या गाडीत घातलं असतं, तिकडे कुणीतरी पाकीट फोडून नवीकोरी लेन्स काढली असती, वाटेत तिला दुखलं असतं, ओरडली असती, रडली असती, गाडीवाल्यानं मागे वळून पाहिलं असतं, रडली असती, एवढंच, नुसती रडली असती

डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं

ठरल्या दिवशी लेन्स काढली गेली. सगळं छान होतं. महिन्याभरानं डोळा लाल झाला. उजेड सोसेना. बाहेरून दिसत होतं थोडं आणि दुखत होतं त्याच्या कितीतरी पट. डॉक्टरीणबाईंना विषाणूचा संसर्ग वाटला. त्यांनी त्याचं औषध दिलं, सूज उतरायचे थेंब दिले. दुखणं वाढलं. तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून विचारायला घेतलं.

“लेन्स कधी निघून आली होती?”

“नाही. एकदा जागची जरा सरकली होती,” खारू म्हणाली.

(पडली होती.)

“डोळ्यातच होती ना?”

“हो हो.”

(गालावर.)

“पाणी गेलं होतं? आंघोळीचं, तोंड धुतानाचं?”

“छे! केससुद्धा आईनं मान मागे टाकून धुतले.”

(स्वयंपाकघरातल्या नळाचं.)

“तुमच्या काही लक्षात आहे का हो, बाबा?”

शेजारच्या खुर्चीत तो बसला होता. जिभेवर सगळं तयार होतं. पण आता बोलावं, तर ‘सरकली’ म्हणालो ते खोटं, हे लेकीला इथे, परक्या माणसासमोर कळणार. आणि डॉक्टरीणबाई म्हणतायत विषाणू, तर असेल विषाणू. शिकलेल्या बाई आहेत. चार दिवस बघू.

“नाही बुवा,” तो म्हणाला. “ती फार जपते.”

औषध तेच चालू राहिलं.

चार दिवसांचे किती झाले ते त्यानं मोजलं नाही. पुढे एका खेपेला डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून डोळा पुन्हा पाहिला. बुबुळावर पांढरट कडं उमटलं होतं. त्यांनी थोडं खरवडून तपासायला पाठवलं. पाण्यात राहणारा अमीबा निघाला.

“सुरुवातीला कळतं तर गोष्ट वेगळी होती,” त्या म्हणाल्या. “सुजेच्या थेंबांनी तर त्याला मोकळं रान मिळालं. हा येतो लेन्समधून आणि नळाच्या पाण्यातून. कसा आला हेच मला कळत नाही.”

मग तासातासाला थेंब. जळजळीत, डोळ्यांत तिखट टाकल्यासारखे. महिनोन् महिने. थेंब घालायचा तोच. खारूचाच हट्ट तसा. बाबांच्या हातून एकही वाया जात नाही म्हणायची. ती मान मागे टाकायची, तो पापणी धरायचा, थेंब बरोबर पडायचा.

डोळा वाचला. नजर वाचली नाही. बुबुळाच्या मधोमध दुधी डाग राहिला. त्या डोळ्यानं आता खारूला माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण उभा आहे ते कळत नाही. पुढेमागे दुसऱ्या कुणाचं बुबुळ लावता येईल, पण इतक्यात नाही आणि त्याचीही खात्री नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आईनं ठरवलेलं

“माल आमच्याकडून धडधाकट गेला होता,” आई म्हणाली. “बिघडला तो तुमच्याकडे.”

ती डोळ्यांच्या दवाखान्यातच उभी होती, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. समोर डॉक्टरीणबाई नव्हत्या. उपचाराच्या दिवशी लेन्स बसवायला मदत करणारी सहायिका होती. खारूहून थोडी लहानच असेल.

“मावशी, मी पाकीट तुमच्यासमोर फोडलं होतं. हातमोजे—”

“मावशी म्हणू नकोस मला. पाणी आलं कुठून मग? पोरीनं जपलं, आम्ही जपलं. राहिलं कोण?”

ती मुलगी ट्रे छातीशी धरून रडायला लागली. पुढच्या खेपेला ती त्या खोलीत नव्हती. बाहेर नावं पुकारायच्या कामावर बसवली होती. त्यांचं नाव पुकारताना तिनं मान वर केली नाही.

बाप हे दोन्ही वेळा बघत होता. पहिल्या वेळी “अगं, जाऊ दे” म्हणाला. बायकोला वाटलं, किती भला माणूस.

खारूचं म्हणणं

डाव्या डोळ्याची काच आता आणखी पातळ होत होती. दर तपासणीला थोडा थोडा.

“हा अजून आपल्या हातात आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण फार थांबता येणार नाही. काच एका मर्यादेपेक्षा पातळ झाली की मग हा उपचारही करता येत नाही.”

“नको,” खारू म्हणाली.

घरी आल्यावर आईनं दुजोरा दिला. आई तर दवाखान्याचं नाव निघालं तरी भांडी आपटायची. बाप मात्र लेकीच्या मागे लागला, पण सांभाळून, आडून आडून.

“दर वेळी तसंच होईल असं नाही ना, खारू.”

“कशावरून?”

“लाखात एखाद्याला होतं म्हणे.”

“मग ती लाखातली मीच आहे ना?” ती चिडली नव्हती, समजावून सांगत होती, आणि तेच वाईट होतं. “बाबा, नीट ऐका. चूक झाली असती तर मी म्हटलं असतं, या वेळी ती करायची नाही. पण कुणाचंच काही चुकलं नाही. त्यांनी नीट केलं, मी नीट केलं, तुम्ही तर रात्री जागलात. तरी डोळा गेला. मग दुसऱ्या वेळी मी वेगळं काय करणार? आहे तेवढी नजर वापरून घेते. जाईल तेव्हा जाईल.”

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. एकच गोष्ट तिला माहीत नव्हती, आणि ती त्याच्याकडे होती.

तो म्हणाला, “बघ बाई. तुझा डोळा.”

आणि चहा ठेवायला उठला. म्हणजे पुन्हा नाही सांगितलं. हे त्यानं किती वेळा केलं याला गणती नाही: उठला, पाणी प्यायला, भट्टीचं बटण तपासलं, खाली जाऊन उगीच उभा राहिला, परत आला.

शेवटी सांगितलेलं

सकाळची वेळ. एका नवऱ्या मुलीचे पुढचे दोन दात घाईनं हवे होते. खारू ब्रशनं चिनी मातीचे ओले थर चढवत होती. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. ब्रश दाताला टेकला असं वाटायचं आणि तो हवेतच असायचा. नाहीतर थेट आत घुसायचा. तिनं तिसऱ्यांदा ओला थर पुसून काढला. मग डावा डोळा बारीक करून, मान वाकडी करून दात दिव्याजवळ नेला, दूर नेला, पुन्हा जवळ.

“याच्या कडा मला दोन दोन दिसतात,” ती हसत म्हणाली. “नवरीला दुप्पट दात द्यावे लागणार.”

तिनं विनोद केला म्हणून त्याला हसायला हवं होतं.

“लेन्स सरकली नव्हती,” तो म्हणाला.

“काय?”

“तेव्हा. दुपारी. सरकली नव्हती. पडली होती. गालावर होती.”

तिनं ब्रश खाली ठेवला नाही.

“मग?”

“मी धुतली आणि बसवली.”

“कशानं धुतली?”

“नळाखाली.”

“आपल्या?”

“स्वयंपाकघरातल्या. दात पडला की धुतो तशी.”

भट्टी तापत होती; तिचा बारीक गुणगुणता आवाज खोलीभर होता. खारू त्याच्याकडे बघत होती. कुठल्या डोळ्यानं बघतेय हे त्याला समजेना. दोन्ही त्याच्यावरच होते.

“मला सुरी फिरल्यासारखं होत होतं,” ती म्हणाली. “तुम्ही बसवलीत आणि एकदम थांबलं. मी काय म्हणाले होते तेव्हा?”

त्यानं भट्टीच्या बटणाकडे पाहिलं.

“सांगा ना. मी काय म्हणाले होते?”

“हाताला गुण आहे म्हणालीस.”

“हं.”

“खारू, तू ओरडत होतीस, मला काही सुचलं—”

“ते कळलं मला. ते मी समजू शकते, बाबा. दात पडला असता तर मीही तेच केलं असतं. तुम्हीच शिकवलंय.” ब्रशच्या टोकावरचा ओला गोळा वाळून पांढरा पडत चालला होता. “पण डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही तिथे होतात.”

“हो.”

“माझ्या शेजारच्या खुर्चीत.”

“हो.”

“मी नाही म्हणाले, कारण मला माहीत नव्हतं. आणि मग त्यांनी तुम्हाला विचारलं.”

“हो.”

“तुमचं नाव घेऊन विचारलं, बाबा.”

नाव घेऊन नव्हतं विचारलं, ‘बाबा’ म्हणून विचारलं होतं. ही दुरुस्ती त्याच्या डोक्यात आली आणि असलं काहीतरी आपल्याला आत्ता सुचावं याची त्याला किळस आली.

“मी रागवावं म्हणून आत्ता सांगितलंत?”

“नाही. डाव्यासाठी सांगितलं. तू म्हणालीस ना, कुणाचंच चुकलं नाही. चुकलंय. माझं. उपचाराचं नाही. म्हणून डावा... डावा करून घे.”

तिनं ब्रश खाली ठेवला. मग उठली, हात धुतले, पुसले, आणि भिंतीशी तोंड करून फोन लावला.

“हॅलो. हो, जुनीच पेशंट. डाव्या डोळ्यासाठी तारीख हवी होती. हो, तोच उपचार. नाही, आता हरकत नाही... कारण कळलं.” थोडं थांबून, “आधी तपासणी? बघायचंय की अजून करता येतो का? बरं. येते.”

फोन ठेवून ती वळली नाही.

“आईला मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा. आणि त्या मुलीला बाहेर बसवलंय. तिथेही तुम्हीच सांगा.”

“सांगतो.”

“थेंब आई घालेल.”

“तिचा हात थरथरतो, खारू.”

“थरथरू दे.”

त्यानंतरचं

आईला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं हातातली घडी पूर्ण केली, गठ्ठ्यावर ठेवली, वरून हात फिरवला. एवढा मोठा दोष आपल्याच घरातून आपल्या नजरेखालून गेला, हेच तिला आधी लागलं असावं. “मी त्या पोरीला काय काय बोलले,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सांगून ती उशिरा गेली. वाट वाकडी करून दवाखान्यात जाऊन आली. तिथे काय झालं ते तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. तो स्वतः त्याच्या आदल्या दिवशी जाऊन आला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “तुम्ही त्या दिवशी बोलला असतात ना, तर मी त्याच दिवशी औषध बदललं असतं,” आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

डाव्या डोळ्याची काच जेमतेम पुरली. आणखी थोडी पातळ झाली असती तर नाही म्हणावं लागलं असतं, असं त्यांनी खारूला सांगितलं. उजव्याचं कुणी काही बोललं नाही. त्यात बोलण्यासारखं उरलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी मायलेकी सकाळीच निघाल्या. तो पायात चपला घालून दाराशी उभा होता.

“तुम्ही कशाला,” खारू म्हणाली. “काम पडलंय.”

काम पडलं होतंच. नवरीचे दात खारूनं दोन दिवस झगडून कसेबसे पुरे केले होते, पण त्यानंतर आलेले पुढच्या दातांचे साचे टेबलावर तसेच होते. तो तिच्या खुर्चीत बसला. दातांच्या रंगांची पट्टी हातात घेऊन खिडकीशी गेला, एकेक नमुना उजेडाला धरला. सगळे एकसारखे पांढरे. त्यानं पट्टी ठेवली आणि कुणाचंही काम सुरू केलं नाही.

दुपारी बायकोचा फोन आला.

“झालं. नीट झालंय म्हणतात. लेन्स घातलीये.”

“दुखतंय का तिला?”

“दुखणारच की.”

“जरा दे तिच्याकडे.”

फोनवर तळहात ठेवल्याचा आवाज आला. मागे कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं. बायको काहीतरी विचारत होती. खारूचं उत्तर ऐकू आलं नाही, आवाज आला फक्त, हळू आणि थोडका.

“अहो,” बायको परत आली. “ती म्हणते, नंतर.”

“नंतर म्हणजे घरी आल्यावर?”

“नंतर, एवढंच म्हणाली.”

“बरं,” तो म्हणाला. “बरं. काही घाई नाही.”

“घाई कसली असणार आता,” बायको म्हणाली, आणि फोन ठेवला.